रोग रेड्याला, औषध पखालीला

कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात राउंडवर निघालेल्या रेसिडेंट डॉक्टरच्या ॲप्रनचा खिसा तपासा (परवानगी घेऊन!). त्यात चार घड्या घातलेला एक कागद हमखास सापडेल. बेड नंबर, वय, निदान, आज कुठला रिपोर्ट यायचाय, कोणाचा एक्स-रे करायचाय, आणि प्रत्येक कामापुढे टिक करायला एक छोटासा चौकोन. हॉस्पिटलने एचआयएसवर, म्हणजे हॉस्पिटल इन्फर्मेशन सिस्टिमवर, कोट्यवधी खर्च केलेले असतात. प्रत्येक वॉर्डात दोन-दोन कॉम्प्युटर असतात. आणि तरी डॉक्टर रात्रपाळी करतो ती या कागदाच्या भरवशावर.

आपण सॉफ्टवेअरवाले यावर एकच निष्कर्ष काढतो. "डॉक्टर लोकांना कॉम्प्युटरचा कंटाळा असतो, चेंज नको असतो, ट्रेनिंग द्या." मला हे साफ अमान्य आहे.

पॅक्सचंच उदाहरण घ्या. पॅक्स म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या फिल्म्सऐवजी सगळं स्क्रीनवर दाखवणारी सिस्टिम. ती आली तेव्हा "आमच्या जुन्या फिल्म्स परत द्या" म्हणून डॉक्टरांनी मोर्चा काढल्याचं ऐकलंय कधी? नाही. कारण पहिल्या दिवसापासून फायदा डॉक्टरचा होता. फिल्म शोधायला कोणाला पिटाळायला नको, हवं तिथे झूम करा, मागच्या वर्षीचा स्कॅन शेजारी लावून बघा. हेच लोक दुर्बिणीतून पित्ताशय काढतात आणि रात्री दोन वाजता व्हॉट्सॲपवर ईसीजीचा फोटो टाकून सीनिअरचं मत घेतात. त्यांना तंत्रज्ञानाचं वावडं नाही, बिनकामाच्या तंत्रज्ञानाचं आहे.

तर माझं म्हणणं असं, की आपल्याकडचे बहुतेक एचआयएस वाईट नाहीतच. ते उत्तम चालतात, फक्त दुसऱ्याच कोणासाठी तरी.

गिऱ्हाईक कोण, वापरणारा कोण

बहुतेक एचआयएसची मॉड्यूल्स बघा. रजिस्ट्रेशन, बिलिंग, फार्मसीचा स्टॉक, बेड मॅनेजमेंट, टीपीएचे क्लेम. ही मंडळी पक्की असतात. रुग्णाला दिलेली एक सिरिंजसुद्धा बिलातून सुटणार नाही. मग कधीतरी "डॉक्टर्स मॉड्यूल" जोडलं जातं, आणि त्यात आपण काय देतो? डेटाबेसच्या टेबलांचा आरसा. टेबलात चाळीस कॉलम, म्हणून स्क्रीनवर चाळीस फील्ड.

हे असं होतं कारण डेमो बघायला बसतात मालक, फायनान्सवाले आणि आयटी हेड. एखाद्या सीनिअर डॉक्टरलाही बोलावतात, पण तो दहा मिनिटांत ओटीत निघून जातो. सही करणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा असला की सॉफ्टवेअरचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या ऑफिसातलं टाइमशीट आणि अप्रेझलचं टूल आठवा. शुक्रवारी संध्याकाळी दहा मिनिटं टाइमशीट भरायचं तर आपण केवढे करवादतो! आता तेच टाइमशीट दर पाच मिनिटांनी भरायचंय आणि भरताना समोर एक माणूस छातीत दुखतंय म्हणून बसलाय अशी कल्पना करा.

माझी मामेबहीण एमडी करतेय. (हॉस्पिटलचं नाव नको.) तिच्या सिस्टिममध्ये रुग्णाची ॲलर्जी तीन वेगवेगळ्या स्क्रीनवर भरावी लागते, कारण ती तीन मॉड्यूल्स एकमेकांशी बोलत नाहीत. लॅबचा रिपोर्ट दुसऱ्याच खिडकीत उघडतो आणि तिथे पुन्हा लॉगिन करावं लागतं. एकदा जेवताना तिने विचारलं, "दादा, तुम्ही लोक हे बनवता ते स्वतः कधी वापरून बघता का रे?" उत्तर तिलाही माहीत होतं.

अमेरिकेने पैसे ओतून काय मिळवलं

आपण अजून या रस्त्याच्या सुरुवातीला आहोत. अमेरिका बरीच पुढे गेलीय, तेव्हा तिथे काय झालं ते बघून घेतलेलं बरं. २००९ मध्ये तिथे हायटेक कायदा आला आणि इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड वापरणाऱ्या हॉस्पिटलांना आणि डॉक्टरांना सरकारने अब्जावधी डॉलर्सचं अनुदान दिलं. काही वर्षांत जवळजवळ सगळी हॉस्पिटलं डिजिटल झाली. सरकारी प्रकल्प म्हणून बघितलं तर जबरदस्त यश.

आता डॉक्टरच्या खुर्चीतून बघू. २०१३ मध्ये एका इमर्जन्सी विभागातल्या डॉक्टरांचं निरीक्षण करून अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा ४३ टक्के वेळ डेटा एंट्रीत जात होता आणि २८ टक्के थेट रुग्णासाठी. गर्दीच्या दहा तासांच्या पाळीत क्लिक्सची संख्या चार हजारांच्या घरात. २०१६ मध्ये चार राज्यांतल्या ५७ डॉक्टरांवर असाच अभ्यास झाला. रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात, आणि घरी गेल्यावर रात्री पुन्हा तास-दोन तास. पुढे वापरसुलभता मोजणाऱ्या प्रमाणित प्रश्नावलीवर डॉक्टरांनी आपल्या सिस्टिम्सना १०० पैकी ४५.९ गुण दिले, म्हणजे ग्रेड "एफ". त्याच मोजपट्टीवर एक्सेलला ५७ आणि गूगल सर्चला ९३ मिळालेले आहेत. एक्सेलपेक्षाही खाली! मॅक्रोवाल्या शीट्स ज्यांनी सांभाळल्यात त्यांना या आकड्याची खोली कळेल.

यातली एक गंमत (गंमत म्हणजे दुःखच) सहसा कोणी सांगत नाही. तेच अमेरिकन सॉफ्टवेअर जगातल्या इतर देशांतली हॉस्पिटलंही वापरतात. २०१८ मध्ये काही डॉक्टर-संशोधकांनी तुलना मांडली, तर अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नोंदी इतर देशांतल्यांपेक्षा सरासरी जवळजवळ चौपट लांब निघाल्या. सॉफ्टवेअर एकच, मग चौपट का? कारण तिथे बिल किती लावता येईल हे नोंदीत काय काय लिहिलंय यावर ठरायचं. "दहा अवयव तपासले" असं लिहिलं की जास्त पैसे. मग टेम्प्लेट आली, कॉपी-पेस्ट आलं आणि निरोगी गुडघ्याचं वर्णन वाचत वाचत न्यूमोनियापर्यंत पोचायची पाळी आली. २०२१ पासून ओपीडीच्या बिलिंगचे हे नियम सैल करावे लागले.

मुळात ही नोंद कशासाठी होती? १९६८ मध्ये लॉरेन्स वीड नावाच्या डॉक्टरने एक प्रसिद्ध लेख लिहिला. रुग्णाच्या कागदाने डॉक्टरला विचार करायला मदत केली पाहिजे, म्हणून नोंदी तारखेनुसार नुसत्या रचून ठेवू नका, रुग्णाच्या एकेका समस्येभोवती मांडा, असं त्यांचं सांगणं. मेडिकलचे विद्यार्थी आजही त्या वळणाने नोट लिहायला शिकतात. म्हणजे नोंद हे डॉक्टरचं विचार करायचं साधन होतं. त्यात हळूहळू विमा कंपनी येऊन बसली, मग ऑडिटर, मग वकील, मग क्वालिटी विभाग. सगळ्यांना जागा मिळाली आणि घरमालक ओसरीवर आला.

पुण्या-मुंबईच्या लोकांना या कथेचा एक धागा ओळखीचा वाटेल. नव्वदीच्या शेवटी आणि नंतरची काही वर्षं मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचं केवढं पेव फुटलं होतं! तिकडचा डॉक्टर बोलून रेकॉर्ड करायचा आणि इकडची मुलं-मुली हेडफोन लावून रातोरात टाइप करायची. पुढे तिकडे स्क्रीन आल्या, टेम्प्लेट्स आल्या, आणि ते टायपिंग जगातल्या सगळ्यात महागड्या टायपिस्टकडे गेलं. डॉक्टरकडे.

त्रास वेगळा, धोका वेगळा

इथपर्यंत कोणी म्हणेल, ठीक आहे, डॉक्टरांना थोडा त्रास होतो, काम म्हटलं की होणारच. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ हॉस्पिटलात २०१३ मध्ये एका १६ वर्षांच्या मुलाला एका अँटिबायोटिकची एक गोळी द्यायची होती. त्याला साडेअडतीस गोळ्या दिल्या गेल्या. रॉबर्ट वॉक्टर यांनी त्यांच्या 'द डिजिटल डॉक्टर' या पुस्तकात हे प्रकरण टप्प्याटप्प्याने उलगडलंय, आणि आपल्या प्रत्येक यूआय डेव्हलपरने ते वाचायला हवं. मुलाचं वजन ३८.६ किलो. ४० किलोंखालच्या मुलांचा डोस "मिलिग्रॅम प्रति किलो"मध्येच टाकायचा असा नियम. डॉक्टरने तसा टाकला. हिशेबाने आला १९३ मिलिग्रॅम. गोळी असते १६०ची. फार्मासिस्टने निरोप पाठवला की डोस १६० करून पुन्हा टाका. डॉक्टरने फील्डमध्ये १६० टाइप केलं. पण शेजारचं एकक अजून "प्रति किलो"वरच होतं. १६० गुणिले ३८.६. कॉम्प्युटरने बिनचूक गुणाकार केला.

अलर्ट आला नाही का? आला. डॉक्टरला आला, फार्मासिस्टलाही आला. पण दिवसभर त्याच रंगाचे, त्याच आकाराचे अलर्ट बिनमहत्त्वाच्या गोष्टींसाठी येत असतात. लांडगा आला रे आला. दोघांनीही तो बंद केला. पुढे रोबॉटने गोळ्या मुकाट्याने पाकिटात भरल्या. नर्सला शंका आली, तिने बारकोड स्कॅन केला, तर मशीनने सांगितलं, बरोबर आहे, साडेअडतीसच द्यायच्यात. मुलाला फिट आली. नशिबाने तो वाचला.

यात कुठलाही बग नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येक मॉड्यूलने आपापल्या स्पेसिफिकेशनप्रमाणेच काम केलं. टेस्टिंग टीमने सगळ्या केसेस "पास" केल्या असत्या.

दुसरं उदाहरण याहून बोचरं आहे. पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलात २००२ मध्ये डॉक्टरांच्या ऑर्डर्स कॉम्प्युटरवरून देण्याची सिस्टिम सहा दिवसांत सगळीकडे चालू केली. पूर्वी दुसऱ्या गावाहून अत्यवस्थ मूल निघालं की वाटेतूनच निरोप यायचा आणि ते पोचायच्या आत औषधं तयार असायची. नव्या सिस्टिममध्ये मूल येऊन त्याचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय ऑर्डर टाकताच येईना. वर जवळ ठेवलेली औषधं मध्यवर्ती फार्मसीत हलवलेली. २००५ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी आकडे छापले. बाहेरून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेला होता. पुढच्याच वर्षी सिॲटलच्या मुलांच्या हॉस्पिटलाने आपला अनुभव मांडला. त्यांनीही तशीच ऑर्डर सिस्टिम लावली होती, आणि त्यांच्याकडे मृत्युदर वाढला नाही. म्हणजे फरक नुसत्या कोडमध्ये शोधून भागत नाही. काम प्रत्यक्षात कसं चालतं हे आधी बघितलं की नाही, यात तो असतो.

मग कागदच बरा?

अजिबात नाही. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलात कॉम्प्युटरवरून ऑर्डर सुरू केल्यावर रुग्णापर्यंत पोचणाऱ्या गंभीर औषधी चुका ५५ टक्क्यांनी कमी झाल्या, हे १९९८ मध्येच छापून आलंय. आणि कागदाचे पराक्रम आपल्याला ठाऊक आहेतच. डॉक्टरांचं अक्षर हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे, पण २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलला औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा असा नियमच काढावा लागला. बाकी रुग्णाच्या हातातली रिपोर्टांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी हाच आजवर आपला राष्ट्रीय हेल्थ रेकॉर्ड होता. पावसात भिजला की संपला.

ती पिशवी जावी म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झालं. चौदा आकडी आभा नंबर आले, क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीची नोंदणी होऊ लागली. केस पेपरची रांग कमी झाली ही खरोखर चांगली गोष्ट आहे. पण नीट बघा, सुधारणा झाली ती पुन्हा खिडकीवरच. रुग्णाची खरी माहिती जन्माला येते ती डॉक्टरच्या टेबलावर, आणि तिथला हिशेब अजून कोणी केलेला दिसत नाही.

तो आपण करू. २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन'ने ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळांचा आढावा छापला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं देतो. भारतातला आकडा साधारण दोन मिनिटं. या दोन मिनिटांत तुम्ही एक मिनिटाचा फॉर्म घातलात तर अर्धी तपासणी गेली. शंभर रुग्णांच्या ओपीडीत शंभर मिनिटं जास्तीची. ती आणायची कुठून? मग डॉक्टर कुठलाही शहाणा माणूस करेल तेच करतो. मँडेटरी फील्डमध्ये एक टिंब टाकतो आणि पुढे जातो. आपल्या डेटाबेसमध्ये ती टिंबं "डायग्नोसिस" म्हणून साठत राहतात. उद्या कोणीतरी त्याच्यावर एआय चालवून देशाच्या आरोग्याचं भाकीत करणार आहे. करा बापडे.

करायचं काय

सगळं अंधारात आहे असं नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था हॉस्पिटल चालवते. तिथल्या गरजांसाठी थॉटवर्क्सने 'बाहमनी' ही ओपन सोर्स सिस्टिम उभी केली, आणि आता ती इतर अनेक देशांत वापरली जाते. सुरुवात झाली ती खेड्यातल्या ओपीडीपासून, कॉर्पोरेट बिलिंगपासून नव्हे. दुसरं उदाहरण हवाईचं. हवाई पॅसिफिक हेल्थने २०१७ मध्ये एक मोहीम काढली, नाव साधारण "फालतू गोष्टी काढून टाका" अशा अर्थाचं. सिस्टिममधलं जे निरर्थक वाटतं ते डॉक्टर-नर्सेसनी कळवायचं. नर्सनी दर तासाला करायची एक नोंद काढून टाकल्यावर चार हॉस्पिटलांत मिळून महिन्याला सुमारे १७०० तास वाचले. नवीन फीचर एकही नाही, फक्त डिलीट!

माझी यादी छोटी आहे.

१. कोड लिहिण्याआधी दोन दिवस ओपीडीत आणि एक रात्र वॉर्डात उभे राहा. बिझनेस ॲनालिस्टला पाठवू नका, स्वतः जा. डॉक्टर खिशातल्या कागदावर काय लिहितो ते उतरवून घ्या. तुमचं खरं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट तेच आहे, आणि ते फुकट मिळतं.

२. सेकंद मोजा. "जुन्या रुग्णाचं प्रिस्क्रिप्शन रिपीट करता आलं पाहिजे" ही रिक्वायरमेंट अर्धवट आहे. "पंधरा सेकंदांत करता आलं पाहिजे" ही पूर्ण आहे. पेज किती मिलिसेकंदांत लोड होतं याचे आपण डॅशबोर्ड लावतो, माणसाच्या वेळेचा एकही लावत नाही.

३. प्रत्येक मँडेटरी फील्डला एक मालक असू द्या. ही माहिती कोण वाचणार, कधी, आणि वाचून काय करणार? उत्तर नसेल तर फील्ड काढा. बिलिंगला हवं असेल तर बिलिंगने भरावं.

४. अलर्टचं रेशनिंग करा. कुठला अलर्ट किती वेळा न वाचता बंद होतो याचा लॉग तुमच्याकडे आहेच. शंभरातले पंच्याण्णव वेळा बंद होणारा अलर्ट उरलेल्या सगळ्या अलर्टांची किंमत घालवतो.

५. सिस्टिम बंद पडल्यावर काय, याची तालीम करा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा जवळजवळ दोन आठवडे कामकाज हाताने करावं लागलं.

"आता एआय आलंय, डॉक्टर बोलेल आणि नोट आपोआप तयार होईल" असं सध्या सगळीकडे ऐकू येतं. अमेरिकेत अशी टूल्स झपाट्याने पसरताहेत आणि तिथल्या डॉक्टरांना ती आवडताहेतही. मलाही आशा आहे. पण आपल्या ओपीडीत रुग्ण मराठीत बोलतो, त्याचा मुलगा हिंदीत दुरुस्त करतो, डॉक्टर इंग्रजीत पुटपुटतो आणि दारातून पुढचा नंबर डोकावतो. तेही जमेल एक वेळ. पण नोट कोणासाठी हा प्रश्न सुटला नाही तर मशीन तीच चौपट लांब नोट चौपट वेगाने लिहील, आणि ती वाचून सही करायची जबाबदारी पुन्हा डॉक्टरवरच. दुखणं मागणीत आहे आणि आपण टायपिंगवर उपचार करतोय. रोग रेड्याला, औषध पखालीला.

आपल्यापैकी पुष्कळजण बँकिंग, टेलिकॉम, इन्शुरन्स करत करत कधीतरी हेल्थकेअर डोमेनमध्ये येऊन पडतात. "क्रड ॲप तर आहे" म्हणत आपण स्क्रीन बनवतो, यूएटीवर सही घेतो आणि पुढच्या प्रोजेक्टला जातो. बँकेची स्क्रीन वाईट असली तर गिऱ्हाईक वैतागतं. इथे वाईट स्क्रीन म्हणजे दोन मिनिटांतलं एक मिनिट डॉक्टर रुग्णाकडे न बघता आपल्या ड्रॉपडाउनकडे बघतोय. आणि त्या मिनिटात त्याला जे दिसायला हवं होतं, चेहऱ्यावरची सूज, वाढलेला श्वास, "काही नाही हो" म्हणतानाची चाचर, ते टिपायला आपल्या कुठल्याच फॉर्ममध्ये फील्ड नसतं.

तेव्हा पुढच्या स्प्रिंटमध्ये एक तिकीट असंही असू द्या, की डॉक्टरच्या स्क्रीनवरची दहा फील्ड कमी करणे. एस्टिमेट एक दिवस. प्रायॉरिटी हाय.